पेशींच्या खाद्यासाठी उदगीर किंवा परभणीत संशोधक नेमा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत जनावरांच्या पेशी ज्यावर जगतात त्या पोषणमाध्यमाविषयी हे पत्र आहे.

२०२२ साली लम्पी आमच्या गोठ्यांतून फिरली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून वेळ निभावून न्यावी लागली. हिसार आणि इज्जतनगर येथील केंद्रीय संस्थांनी लम्पीचा विषाणू व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत) वाढवून सौम्य केला आणि त्यापासून बनवलेली स्वतंत्र लस त्याच वर्षी जाहीर झाली. उस्मानाबादी शेळ्यांना पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगापासून वाचवणारी लसही याच पेशींत बनते. पेशी उपाशी राहिल्या तर लस होत नाही, इतका हा विषय साधा आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी एकेक घटक वगळून पाहत १९५९ मध्ये जे किमान माध्यम मांडले, त्यात १३ अमिनो आम्ले, ८ जीवनसत्त्वे, ग्लुकोज आणि क्षार होते. तरीही त्यात पाच-दहा टक्के सीरम घालावेच लागे, आणि बहुतेक ठिकाणी आजही घालतात. हे सीरम गर्भार गाय कापल्यावर तिच्या पोटातील वासराच्या रक्तातून काढतात. आपल्या राज्यात गोहत्याबंदी असल्याने ते बाहेरून येते. गाय वाचवण्यासाठी परदेशातल्या न जन्मलेल्या वासराचे रक्त मागवायचे, हा विरोधाभास विद्यार्थ्यांना समजावताना मी दरवर्षी अडखळतो.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे आलेल्या खोक्यातला कोरडा बर्फ वाटेतच उडून गेला होता आणि बाटलीतले सीरम पूर्ण वितळलेले होते. बदली म्हणून आलेल्या बाटलीचा बॅच क्रमांक वेगळा होता. पेशी वाढल्या की माध्यम आम्लधर्मी होऊन त्यातला रंग लालचा पिवळा होतो; जो फ्लास्क चौथ्या दिवशी पेशींनी भरून माध्यम पिवळे पडायला हवे, तो सातव्या दिवशीही लालच होता. चूक पेशींची की सीरमची, हे ठरवण्यातच महिना गेला.

म्हणून आमची मागणी नव्या इमारतीची नाही. माध्यमाची कोरडी पूड देशात बनते, ती बनवण्यासाठी पुन्हा अनुदान देऊ नये. खरे काम सीरमच्या जागी इन्सुलिन, लोह वाहून नेणारे ट्रान्सफरिन, सेलेनियम आणि वाढीचे घटक नेमक्या मात्रेत बसवण्याचे आहे. शिवाय पेशींना सीरमची सवय दहा टक्क्यांवरून पाच, दोन, एक अशी पिढ्यान्‌पिढ्या सोडवावी लागते. एका पेशीला जमलेली मात्रा दुसरीला जमेलच असे नाही, त्यामुळे हे काम चिकाटीचे आहे आणि एका वर्षाच्या प्रकल्पात ते बसत नाही.

लातूरच्या सोयाबीनपासून काढलेले पेप्टोन (प्रथिनांचे बारीक तुकडे) यात वापरता येईल, असे कुणी तरी आपल्याला नक्की सुचवील. ते उपयोगी पडते, पण त्याची रचना मालागणिक बदलते. त्यामुळे त्याला पूर्ण कृत्रिम माध्यम म्हणून खपवू देऊ नये.

उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी दोन-तीन संशोधक निदान पाच वर्षांसाठी नेमावेत, अखंड वीज द्यावी आणि व्हेरो पेशींसोबत देवणी व लाल कंधारी गाईंच्या त्वचापेशींसाठीही सीरमविरहित माध्यम तयार करण्याचे काम सोपवावे. कोणत्या बॅचमध्ये पेशी कितव्या दिवशी भरल्या, याची आमच्याकडील नऊ वर्षांची वही मी त्यांच्या स्वाधीन करायला तयार आहे.

आपला नम्र,
एक प्राध्यापक, लातूर जिल्हा