मॅडम, हे आभार सगळ्यांसमोर

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव पहिलं होतं, पण तिथे दोन ओळींत सगळं आटपावं लागलं. म्हणून हे पत्र.

लोकशाही आणि संविधानं हा विषय घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा माझा सगळा भर कलमांवर होता. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार संविधानाच्या कलम ४८ ने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीचे अधिकार दिले, पण त्याखालचे वटहुकूम रद्द करायला लावायचा हक्क संसदेलाही होता, असं मी लिहिलं होतं. तुम्ही समासात पेन्सिलीने एवढंच विचारलंत, ‘‘संसदेने तो हक्क वापरल्यावर काय झालं?’’

त्या प्रश्नापायी मी १९३० च्या जुलैपर्यंत जाऊन पोचले. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रुनिंग यांच्या सरकारचा अर्थविषयक प्रस्ताव संसदेने फेटाळला, तर तो वटहुकमाने लागू झाला. १८ जुलैला संसदेने बहुमताने वटहुकूम रद्द करायला लावला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी कलम २५ वापरून संसदच बरखास्त केली आणि काही दिवसांत सुधारित वटहुकूम काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला. दोन्ही कलमं सुटी वाचली तर खटकत नाहीत. एकापाठोपाठ वापरली की संसदेचा हक्क कागदावरच राहतो. पुढे १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या नव्या संविधानाचं, कलम ६७ वाचलं. चॅन्सेलरला हटवायचं तर संसदेने आधी बहुमताने त्याचा उत्तराधिकारी निवडायचा. केवळ सरकार पाडण्यापुरत्या एकत्र येणाऱ्या बहुमताची धास्ती त्यात मला लगेच ओळखू आली. (१९८२ मध्ये चॅन्सेलर श्मिट जाऊन कोल आले ते याच कलमाने.) तेव्हापासून माझं सगळं संशोधन याच वाटेने चाललं आहे.

शिफारसपत्रं, परत आलेले शोधनिबंध, मुलाखतींची तयारी, सगळ्यात तुम्ही पाठीशी होतात. पण सर्वांत मोठे आभार तोंडी परीक्षेच्या दिवसाचे. अध्यक्षीय पद्धत मुळातच लोकशाहीला धोक्याची, हे तुमचं मत. खरा प्रश्न पक्षपद्धतीचा आहे, हा माझा निष्कर्ष. बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर मला धारेवर धरलं, तेव्हा ‘‘मला हे पटत नाही, पण तिने पुरावा दिला आहे,’’ असं तुम्ही ठामपणे म्हणालात. स्वतःच्या मताविरुद्ध जाणाऱ्या विद्यार्थिनीची बाजू घेणारे मार्गदर्शक मी फार पाहिलेले नाहीत.

त्या मुद्द्यावर आपलं अजूनही एकमत नाही. नव्या पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण सोबत पाठवते आहे. निवृत्तीतला थोडा वेळ काढून वाचाल ना?

आपली विद्यार्थिनी