मसुराच्या आमटीने फेडलेलं कर्ज

संपादक महोदय,

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी आम्ही फायनान्सचं कर्ज काढलं होतं. हप्ता आठवड्याचा. चुकला की वसुलीवाला दारातल्या कट्ट्यावर ठाण मांडून बसायचा. शेजारणी बघत असायच्या, ते जास्त लागायचं.

कर्नाटक सरकारच्या 'गृहलक्ष्मी' योजनेचे महिना २,००० रुपये सुरू झाले, तेव्हा ठरवलं की हे पैसे फक्त हप्त्याचे. बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या 'शक्ती' योजनेमुळे येळ्ळूर-बेळगाव बसचं तिकीट वाचलं. ते भाडं घरी आल्या आल्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात पडायचं. तूरडाळ जवळजवळ बंदच केली. भातकापणीनंतर शिवारात ओलीवर पेरलेला मसूर घरचाच, त्याचीच आमटी. तांदळाची कणीही विकली नाही, भिजवून वाटली की मुलांना गरम घावन. मुलांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे मुद्दाम लिहिते.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला. डबा मात्र चालूच आहे, आता धाकटीच्या कॉलेजसाठी.

जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. आमच्या गल्लीत तो कुणालाच ठाऊक नव्हता. सीमाभागातल्या प्रत्येक पंचायतीत त्याची माहिती मराठीतूनही लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, येळ्ळूर (बेळगाव)