पार्टोग्राफ प्रसूतीनंतर भरायचा नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयांना राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांचे प्रमाणपत्र मिळाल्याच्या बातम्या वाचून आनंद होतो. २०१३ पासूनची ही मानके आणि प्रसूतिकक्षांसाठी २०१७ मध्ये आलेला ‘लक्ष्य’ कार्यक्रम यांमुळे आमच्यासारख्या परिचारिकांच्या मागण्यांना कागदोपत्री आधार मिळाला, हे मी परिसेविका म्हणून अनुभवले आहे. तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

कळा वाढू लागल्या की पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर, दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके आणि आईची नाडी, तर चार तासांनी गर्भाशयमुख किती उघडले ते नोंदवायचे असते. आलेख सावधानतेच्या रेषेपलीकडे सरकला की डॉक्टरांना बोलवायचे की मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, हा निर्णय हाताशी वेळ असतानाच घेता येतो. मूल्यमापनाला पथक येणार असे कळल्यावर मात्र जुने केसपेपर काढून एकाच पेनने असे आलेख भरले जाताना मी पाहिले आहेत आणि काही मी स्वतःही भरले आहेत. प्रसूतीनंतर काढलेली ती सुबक रेषा कोणत्याही बाईच्या उपयोगाची नव्हती, याची खंत आजही वाटते.

सेवेच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या प्रभारी डॉक्टरांनी शनिवारी काही केसपेपर सर्वांसमोर वाचायला सुरुवात केली. चूक कोणाची हे विचारायचे नाही, ती कशामुळे झाली एवढेच विचारायचे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. महिनाभर कोणी तोंड उघडले नाही. मग एका तरुण अधिपरिचारिकेने सांगितले की, रात्री कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनऐवजी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात त्या मिथरजिनचे ॲम्प्यूल तिच्या हातात आले होते आणि लेबल पुन्हा वाचल्यामुळेच अनर्थ टळला. प्रसूतीपूर्वी ते इंजेक्शन गेले असते तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतले असते, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होते. त्याच दिवशी दोन्ही इंजेक्शनांचे ट्रे वेगळे झाले. तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली असती, तर पुढच्या वेळी कोणी काही सांगितले असते असे मला वाटत नाही.

अर्थात रात्रपाळीला एकाच परिचारिकेकडे प्रसूतिकक्ष आणि वॉर्ड दोन्ही असतील, तर दर अर्ध्या तासाची नोंद तिने कशी करावी? खरी नोंद हवी असेल, तर आधी रिक्त पदे भरावी लागतील.

प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते. त्या काळात किमान एक भेट पूर्वसूचनेशिवाय आणि रात्री व्हावी; पथकाने त्या क्षणी कळा देत असलेल्या बाईचा पार्टोग्राफ पाहावा; आणि प्रमाणपत्राशेजारी रात्रपाळीतील परिचारिकांची संख्याही दर्शनी भागात लावावी, अशी सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका