पहिली नाईट एकटीला देऊ नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

"आजकालच्या पोरींना नाईट नको, सगळ्यांना मॉर्निंगच पाहिजे" हे नवीन नर्सबद्दल डॉक्टर म्हणतात, मॅनेजमेंटवाले म्हणतात आणि आता तर पेशंटचे नातेवाईक पण म्हणायलेत, म्हणून हे पत्र. मी परभणीत इन्चार्ज सिस्टर आहे, ड्युटी लिस्ट मीच लावते, त्यामुळं कोण नाईट टाळतंय आणि कशामुळं टाळतंय हे रोज डोळ्यासमोर असतं. नवीन पोरी नाईट टाळतात हे खरंय. आदल्या दिवशी ताप येतो, आजी सिरियस होते, भावाची सोयरीक निघते, नाहीतर वडलांचा फोन येतो की मॅडम एवढ्या वेळेस आमच्या लेकराला डे द्या. पण याला कामचुकारपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण ह्याच पोरी दिवसा जेवायला पण न बसता काम करतात, मग रात्रीच काय होतं त्यांना?

होतं ते पहिल्याच नाईटला होतं. नर्सिंगचं शिक्षण जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं, त्यात नाईट पोस्टिंग असते पण तेव्हा आपण स्टुडंट असतो, वॉर्डची स्टाफ सोबत असते, हाक मारली की कुणीतरी येतं. पास होऊन नोकरीला लागली की स्टाफ कमी आहे म्हणून महिना व्हायच्या आत तिच्या नावापुढं नाईट पडते. रात्री आठ ते सकाळी आठ, वॉर्डात तीस-पस्तीस पेशंट, एक मावशी, कधी ती पण नाही, आणि डॉक्टर ऑन कॉल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डला पाच पेशंटमागं एक नर्स, टीचिंग हॉस्पिटलला तिघांमागं एक आणि आयसीयूत एकास एक असं आहे, पण रात्री आपल्या भागातल्या कुठल्याही वॉर्डात जाऊन मोजा. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून द्यावं तसं आपण ह्या लेकरांना ढकलतो, आणि वर आल्यावर परत उडी मारत नाही म्हणून नावं ठेवतो.

आणि मराठवाड्यातली रात्र म्हणजे काय असते तेही सांगते. पावसाळ्यात शेतातल्या घरात खाली झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत नाही, कधीकधी दाताची खूण पण दिसत नाही, तो चालत येतो आणि म्हणतो पोटात कसंतरी होतंय. दोन-तीन तासांनी पापण्या खाली यायला लागतात, बोलणं जड होतं आणि मग श्वासच बंद पडायला लागतो. ती पापणी रात्री तीन वाजता बघणारी कोण, तर तीच एकटी सिस्टर. घोणस चावली असेल तर कोऱ्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि गोठलं का बघायचं, एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं की रिअॅक्शनसाठी अॅड्रेनलिन हाताशी ठेवून पेशंटजवळून हलायचं नाही, आणि तेवढ्यात पलीकडच्या कॉटवर फवारणीचं विषारी औषध पिलेला तरुण शेतकरी, त्याला उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू, त्याच्या डोळ्याच्या बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायची, बाहेर त्याची माय रडतीय आणि वीस नातेवाईक दारात. हे पुस्तकात वाचून येत नाही, कुणासोबत तरी उभं राहूनच येतं. म्हणून नवीन पोरींना मी नेहमी सांगते की बाई नाईट कायमची टाळू नको, कारण दिवसा राऊंडला दहा माणसं असतात, निर्णय दुसरं कुणीतरी घेतं, पेशंट बिघडायला लागलाय हे स्वतःच्या नजरेनं ओळखायला तू रात्रीच शिकशील. पण शिकवायला कुणी असेल तर ना.

दुसरी गोष्ट झोपेची, जी कुणी मोजतच नाही. सकाळी सातला उठलेली पोरगी रात्री आठला ड्युटीवर आली तर बारा वाजेपर्यंत तिला सतरा तास जागरण झालेलं असतं. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंद होतो, आणि आपल्याकडं गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे गाडी चालवायला नको अशा अवस्थेत आपण तिच्या हातात इन्सुलिनची सिरिंज देतो आणि अजून आठ तास ड्युटी बाकी असते. पहाटे तीन ते पाच तर शरीराचं तापमानच सगळ्यात खाली गेलेलं असतं, त्या वेळेला डोस दोनदा वाचावा लागतो.

बरं सकाळी सुटल्यावर झोपावं तर कुठं? पत्र्याची रूम, तिघी पार्टनर, मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४, कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, लाईट जाते, आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं ते पण नेमकं दुपारी, मग उठून भरावंच लागतं. लग्न झालेलीचं तर विचारूच नका, घरी आल्यावर स्वयंपाक, लेकराचा डबा, सासू म्हणते रात्री बसूनच तर होतीस. नाईटवरून आलेल्या बाईची दुपारची झोप म्हणजे आळस नाही हे घरच्यांना कुणी तरी सांगायला पाहिजे, मी माझ्या पोरींच्या घरी स्वतः फोन करून सांगते.

पोरींनो तुम्ही पण थोडं ऐका. पहिल्या नाईटच्या दुपारी दोन तास तरी झोपूनच या. रात्री अकरा-बाराला भाकरी-वरण असं साधं पोटभर खा, पहाटे चारला फरसाण-चिवडा नको. चहा दोनच्या आत, त्यानंतर घेतला की सकाळी झोप गेली. घरी जाताना काळा गॉगल लावा, डोळ्यावर ऊन कमी पडलं तर झोप लवकर लागते, खिडकीला जाड ओली चादर लावा, मोबाईल लांब ठेवा आणि डुलकी यायली असेल तर स्कूटी चालवू नका, ऑटो करा. झोपेच्या गोळ्या हॉस्पिटलात सहज मिळतात म्हणून स्वतःच्या मनानं घेऊ नका.

भीतीचं पण बोलते. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये नर्स अरुणा शानबाग ड्युटी संपवून कपडे बदलत होत्या तेव्हा त्यांच्यावर कसा अत्याचार झाला ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये कळलं होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात रात्रपाळीतल्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला ते प्रत्येक बापानं टीव्हीवर बघितलं. मग तो मॅडम डे द्या म्हणतो तेव्हा त्याला काय उत्तर देऊ, आमच्या चेंजिंग रूमची कडी किती महिन्यापासून तुटलेली आहे हे मलाच माहितीय. पण शिफारस लावून नाईट रद्द करून घेणं हा उपाय नव्हे. ज्याची पुढाऱ्याशी ओळख आहे त्याच्या पोरीला डे मिळते आणि तिची नाईट जिचं कुणीच नाही तिच्या अंगावर पडते, नाहीतर ब्रदर लोकांच्या म्हणजे पुरुष नर्सच्या, ते पण माणसंच आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नाईट नकोच, बाकी सगळ्यांना सारखी.

पैशाचं पण एकदा नीट व्हावं. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीनं पन्नास बेडपेक्षा लहान प्रायव्हेट हॉस्पिटलात सुद्धा नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नको अशी शिफारस केली होती, आपल्याकडं किती ठिकाणी मिळतो ते पोरींनाच विचारा, नाईटचे वेगळे पैसे तर लांबच.

हॉस्पिटलवाले म्हणतील स्टाफच नाही तर दोघी कुठून लावू. मी असं करते की नवीन पोरीच्या पहिल्या नाईट माझ्याच सिनियरच्या नाईटला जोडते, तिला त्या दिवसांत स्टाफच्या आकड्यात धरत नाही, आणि त्यासाठी मॉर्निंगला एक कमी घेऊन चालवते, कारण मॉर्निंगला माणसं बरी असतात. ओढाताण होते, मॅनेजमेंटशी भांडण पण होतं. पण अशा पोरी पुढं नाईट बदलून मागायला फार येत नाहीत. ड्युटी पण मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट अशा क्रमानं पुढं सरकवते, उलटं केलं की शरीर जुळवून घेत नाही, आणि रात्री वॉर्ड शांत असेल तर आळीपाळीनं वीस मिनिटं पडू देते, आतून कडी लागणाऱ्या खोलीत.

मराठवाड्यातल्या दुसऱ्या इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन मॅडम याहून बरं काही करत असतील तर त्यांनी तुमच्या पेपरात लिहावं, मला माझ्या पुढच्या महिन्याच्या लिस्टला उपयोगी पडेल.

आपली,
एक इन्चार्ज सिस्टर, परभणी