बाइशीझोऊच्या मावशींना

मावशी,

सगळ्यात आधी पोलीस चौकीबद्दल आभार मानते. चीनमध्ये परदेशी माणूस हॉटेलात न उतरता भाड्याच्या घरात राहणार असेल, तर 24 तासांच्या आत स्थानिक चौकीत नोंद करावी लागते आणि त्याला घरमालकाचे कागद लागतात. त्यामुळे शेन्झेनमधल्या बाइशीझोऊ या दाटीच्या वस्तीत खोल्या रिकाम्या असूनही मला पाहिलं की मालक हात झटकायचे. चौकीच्या फेऱ्या कोण अंगावर घेणार? मी शेवटी राहिले त्या इमारतीच्या किल्ल्या तुम्ही सांभाळायच्या आणि तळमजल्यावर किराणा चालवायच्या. तुम्ही मालकाला फोन लावलात, त्याच्यावर भरपूर ओरडलात (निदान मला ते ओरडणं वाटलं, तुमच्या हुनान प्रांताची माणसं लाडाने बोलली तरी तसंच वाटतं हे मागाहून कळलं), शटर अर्धं ओढलंत आणि मला घेऊन निघालात. चौकीतल्या पोराला पासपोर्टाचं कुठलं पान बघायचं तेच समजेना. तुम्ही काउंटरवर कोपर टेकून त्याला असं समजावत होतात, की जणू जन्मभर भारतीयांच्याच नोंदी केल्यात!

मग पैशांचं. आज परदेशी कार्ड तिथल्या ॲपला जोडता येतं म्हणे. 2017 साली तसं नव्हतं. वुईचॅट या चिनी ॲपवर मेसेजही जातात आणि पैसेही; त्याच्या पैशांच्या पाकिटाला चिनी बँकेचं खातं लागायचं आणि माझं गाडं नावावर अडलं. आम्हा मराठी लोकांच्या पासपोर्टावर वडिलांचं नाव मधे येतं. बँकेतल्या मुलीने ते एका क्रमाने भरलं, फोन दुसऱ्या क्रमाने मागायचा, आणि दर वेळी 'माहिती जुळत नाही'. तिकडे भाजीच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड टांगलेला. शंभर युआनची नोट पुढे केली की भाजीवाली अशी बघायची, जणू मी तिला म्युझियममधलं नाणं दिलंय. खातं सरळ होईपर्यंत माझं वीजबिल, फोनचा रिचार्ज, मेट्रोचं कार्ड सगळं तुमच्या फोनवरून गेलं. मी रोख आणून द्यायची आणि तुम्ही शाळेच्या चौकटीच्या वहीत लिहून ठेवायच्या. माझं नाव लिहिता येईना म्हणून नावाच्या जागी खोलीचा नंबर आणि शेजारी एक टिकली. मी टिकली रोज लावत नव्हते, पण तुमच्या हिशेबात ती कायमची लागली.

इकडे शेन्झेनबद्दल लिहून येतं ते टॉवर, ड्रोन आणि विजेवरच्या बसबद्दल. खोटं काहीच नाही. 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हा त्या भागात तीन-एक लाख माणसं होती, 2020 च्या जनगणनेत पावणेदोन कोटी भरली. सार्वजनिक बस तर 2017 च्या अखेरीस सगळ्याच्या सगळ्या विजेवर गेल्या होत्या. रस्ता ओलांडताना कानांचा काही उपयोग नाही, हे तुम्हीच मला बखोट धरून शिकवलंत. पण ते सगळं शहर अठरा आकडी ओळखपत्रावर चालतं. ज्याच्याकडे तो आकडा नाही, त्याच्यासाठी मशीनला रकानाच नसतो. माझ्या वाट्याला जिथे जिथे असा रकाना नव्हता, तिथे तुम्ही उभ्या राहिलात. उपकाराचा आव नाही, गोडगोड हसणं नाही. 'पाहुणी' म्हणून तर एकदाही वागवलं नाहीत, आणि मला तेच सगळ्यात जास्त हवं होतं. ऑफिसात सगळे माझ्याशी इतक्या अदबीने वागायचे, की संध्याकाळी तुमच्याकडून 'ओल्या केसांनी फिरतेस, डोकं दुखेल' असं खेकसून घेतल्यावर बरं वाटायचं. चिपळूणला आई हेच म्हणते.

खरं तर तुम्हीही तिथल्या नव्हताच. आधी मला वाटायचं, किल्ल्यांचा जुडगा आहे म्हणजे बाई इथलीच. मग एका रात्री दुकानात तुम्ही नातवाचे फोटो दाखवलेत. तो हुनानमध्ये, गावी, दुसऱ्या आजीकडे. मुलगा-सून शेजारच्या डोंगग्वान शहरातल्या कारखान्यात आणि तुम्ही इथे. एवढी वर्षं राहूनही तुमचं हुकोऊ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, गावचीच होती. त्यामुळे नातवाला शेन्झेनच्या सरकारी शाळेत घालायचं तर कागदांचा डोंगर. माझा निवासाचा परवाना दर वर्षी संपतो हे ऐकून तुम्ही म्हणालात, 'तुझा निदान वर्षाचा तरी आहे.' हसत म्हणालात, पण मी ते विसरले नाही.

16 सप्टेंबर 2018 चा तो रविवार तर विसरणं शक्य नाही. मांगखुत वादळ. मी कोकणातली, मला वाटलं पाऊसवारा आपल्याला नवा नाही. तुम्ही आदल्या दिवशीच वर आलात, चिकटपट्टीचा रोल घेऊन, आणि माझ्या काचांवर फुल्या मारायला लागलात. बादल्या भरायला लावल्यात, गॅलरीतली माझी तुळस स्वतः उचलून न्हाणीघरात ठेवलीत. बाइशीझोऊतल्या त्या इमारती इतक्या चिकटून, की खिडकीतून हात काढला तर समोरच्याचा गज हाताला लागतो. गावकऱ्यांची शेतं शहराने घेतली, घरांच्या जागा तेवढ्या उरल्या, त्यांच्यावर त्यांनी मजल्यांवर मजले चढवले. ऊन खाली पोचायला वावच नाही. एरवी मी त्या अंधाराला नावं ठेवायची. त्या दिवशी वारा वरच्या मजल्यांवरून किंचाळत जात होता आणि खाली तुमच्या दुकानात शटर पाडून आम्ही सगळे बसलो होतो. चौथ्या मजल्यावरचा डिलिव्हरीवाला पोरगा होता, सलूनमधल्या दोघी होत्या, मी होते. तुम्ही वांगी केलीत, शेंगदाणा तेलात, लसूण आणि सुक्या मिरच्या घालून. चरबीचा डबा बाजूला सारताना सलूनवालीला म्हणालात, 'ही डुकराचं खात नाही, आज तूही नको खाऊस.' मी चीनमध्ये बरंच चांगलं जेवले आहे, पण ती वांगी ती वांगीच.

2019 च्या उन्हाळ्यात नोटिसा लागल्या. सुमारे दीड लाख माणसांची ती वस्ती पाडून तिथे टॉवर उठणार होते. मूळ गावकऱ्यांना मोबदल्यात फ्लॅट मिळणार. भाडेकरूंना आणि दुकानदारांना जागा खाली करायची मुदत. मला ऑफिसने त्याच नानशान भागात दुसरं घर बघून दिलं, माझं सामान दोन बॅगांत मावलं. तुमचं दुकान दोन बॅगांत मावणारं नव्हतं. आपण फ्रीज विकायला काढला तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतात, मला वाटलं रडाल, तर तुम्ही पन्नास युआन वाढवून घेतलेत आणि मला म्हणालात, 'बघ, शीक.' शीक म्हणालात ते मी शिकले. पुण्याच्या कंपनीसाठी ह्वाचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एलईडीच्या पट्ट्या घेताना तुमचाच आवाज लावायची. दुकानदार दचकायचे.

तुम्ही शेन्झेनच्याच लाँगगांग भागात गेलात, भाचीजवळ. वुईचॅटवर बोलणं चालू होतं. मी 2020 च्या जानेवारीत चिपळूणला सुट्टीवर आले, ती परत जाऊच शकले नाही. 29 जून 2020 ला आमच्या सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वुईचॅटही. तुमचा दुसरा कुठलाच पत्ता माझ्याकडे नाही. तुमचे साठ-साठ सेकंदांचे व्हॉइस मेसेज, ज्यातलं अर्धं मला कळायचं नाही, तेही गेले. म्हणून हे उघडं पत्र. तुम्हाला मराठी येत नाही, पण शेन्झेनमध्ये कामाला असलेलं एखादं आपलं माणूस हे वाचेल आणि तुमच्यापर्यंत नेईल, एवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

तर वाचणाऱ्यांनो, लाँगगांगमध्ये कुठे बुटकी, कुरळे केस केलेली, मोठ्या आवाजाची हुनानी बाई किराणा चालवताना दिसली आणि तिने तुम्हाला न विचारता कोमट पाणी पुढे केलं, तर तिला बाइशीझोऊचं नाव सांगून बघा. ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता ते शेन्झेनजवळचं ग्वांगझू असं थेट विमान पुन्हा सुरू झालं आहे. व्हिसाचं जमलं की मी येतेच आहे; येताना सुक्या मिरच्या आणणार आहे, संकेश्वरी. मावशी, तुम्ही त्यांना नाक मुरडणार हे मला आत्ताच माहीत आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची भारतीण