बाई वर्गात नाहीत आणि डायरीत लिहून येते 'घरी लक्ष द्या' : शिक्षणमंत्र्यांना एका आईचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी पूर्व नागपुरात राहते, घरीच फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम करते, मिस्टर ई-रिक्षा चालवतात. लहाना सरकारी शाळेत तिसरीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चौकशी बाईंचीच लागते, वरच्या कोणाची लागत नाही, हे आमचं एकदा पाहून झालं आहे. आपण कामात असाल तरी पाच मिनिटं काढून वाचावं ही नम्र विनंती.

मागच्या सोमवारी लहान्याच्या डायरीत लाल पेनानं लिहून आलं, "वाचन कच्चे. घरी लक्ष द्या." मी ब्लाउजला हुक लावून राहिली होती, म्हटलं वाच बरं काय लिहिलं आहे. त्यानं बोट ठेवून वाचलं, "धरी लक्ष द्या." म्हटलं नीट पाह्य. पुन्हा धरी. मला आधी हसूच आलं साहेब, आणि मग सुई बोटात गेली ते पण कळलं नाही.

आता हे लिहिलं कोणी, तर त्याच्या वर्गाच्या बाईंनी नाही. त्याच्या बाई वर्गात आहेतच कुठं. शाळेत पोरं ४७, वर्ग ४, शिक्षक २. आणि हे कायद्यानं बरोबर आहे म्हणे, कारण शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत, ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक. कागदावर ३० पोरांमागे एक, किती छान दिसते. पण चार वर्गांची पोरं दोघांत वाटली की प्रत्येकाकडे दोन इयत्ता, आणि त्यातल्या एका बाईंना बीएलओ केलं, म्हणजे मतदार यादीच्या कामाला लावलं, की उरलेले सर एका खोलीत चारही वर्ग घेऊन बसतात. पहिलीवाले क ख ग, चौथीवाले भागाकार, आणि मधात माझा, घ आणि ध घेऊन. त्या सरांनीच ते लाल पेनानं लिहिलं, त्यांचा तरी काय दोष, ४७ डायऱ्यांत तेच लिहिलं असेल.

मागच्या वर्षी आम्ही सात-आठ बाया एका कार्यालयात गेलो होतो. तिथं साहेब चांगले बोलले, बसा म्हणाले, अर्जावर शिक्का मारून दिला, पंधरा दिवसांत बाईंच्या जागी बदली शिक्षक देतो म्हणाले. आज वर्ष झालं. या मंगळवारी मी डायरी घेऊन परत गेली तर साहेब दुसरे होते, शिक्का तोच होता. ते म्हणाले, "बाई, सगळं शाळेवर काहून टाकता, पोराले घरी बसवत जा ना थोडं."

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहून राहिली, नाहीतर मला कापायचे ब्लाउज पडले आहेत.

घरी बसवणं म्हणजे काय ते मी सांगते तुम्हाला. लहाना पहिलीत जायच्या आधी, २०२३ ला, शाळेत मेळावा झाला होता, पहिले पाऊल, तुमच्याच खात्याचा. सात टेबलं मांडली होती, एका टेबलावर उड्या मारायला लावल्या, एकावर चित्र ओळख, एकावर वस्तू मोज, आणि शेवटी आयांना समजावून सांगणारं टेबल. विकासपत्र दिलं, आयडिया कार्ड दिलं. बाईंनी आमचा माता गट केला आणि मला लीडर माता केलं. लीडर! आमच्या घरात तेव्हापासून माझी टिंगल चालू आहे. पण खरं सांगते, मला ते आवडलं होतं. बाई म्हणायच्या, तुझ्या घरी जे आहे त्यानंच शिकव, विकत काही आणू नको. माझ्या घरी काय आहे तर बटणं. मी बटणाची बरणी काढली, दहा बटणं दोऱ्यात ओवली की एक माळ, सुटी राहिली ती एकक. दोन माळा आणि तीन सुटी, किती? तेवीस. पोरगं दशक शिकलं ते बटणावर शिकलं, आणि अजून हिशोबात पक्कं आहे. गिऱ्हाईकानं शंभर दिले आणि फॉल-पिकोचे ऐंशी झाले तर वीस तोच काढून देते.

वाचनाचं तसं होत नाही. त्याचं पुस्तक काढलं की तो घडाघडा म्हणतो, मला वाटायचं वाह, वाचते पोट्टं. एक दिवस सहज चित्रावर हात ठेवला तर पोरगं थांबलं. हात काढला की परत चालू. म्हणजे तो चित्र पाहून पाठ झालेलं म्हणत होता, अक्षर पाहतच नव्हता. हे मला बारावी पास बाईला कळायला सहा महिने लागले. बाईंना एका दिवसात कळलं असतं, त्यांनी पहिलीत वाळूच्या ताटात बोटानं गिरवायला लावलं होतं, तोंडानं आवाज आणि बोटानं अक्षर एकाच वेळी, ध ला वर गाठ आहे आणि घ ला नाही ते बोटाला कळलं पाहिजे असं त्या म्हणायच्या. त्या वर्गात राहिल्या असत्या तर वाचन जमलं असतं. राहिल्या नाहीत.

मधात एका दवाखान्यात पण नेलं, कोणी म्हटलं डिस्लेक्सिया असेल. चार चकरा, दोन दिवसांची रिक्षा बंद, तिसऱ्या वेळी मशीनचं वीजबिल भरायचे पैसे त्यात गेले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अडचणी आहेत त्यात हे पण धरलं आहे, सवलती आहेत, सगळं आहे. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी हे सांगा याला नियमित शिकवलं गेलं का? कारण नियमित शिकवूनही जमत नसेल तेव्हाच त्याला अक्षमता म्हणता येते. मी काय सांगू. अक्षमता माझ्या पोराची का तुमच्या खात्याची, हे त्यांच्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती.

आणि तुमचे व्हिडिओ. ग्रुपवर व्हिडिओ येते दुपारी चारला, घरी करून घेण्याची कृती. घरात चांगला मोबाईल एकच, तो मिस्टरांकडे, त्यावरच त्यांचे पैसे येतात. ते येतात रात्री नऊ-साडेनऊला. तेव्हा पोरगं जेवता जेवता झोपलेलं असते. सकाळी ग्रुपवर विचारतात, कृतीचा फोटो काहून नाही टाकला. एकदा मी झोपलेल्या पोराचाच फोटो टाकला होता. सर काही बोलले नाहीत, अंगठा दिला.

एका मीटिंगमध्ये आलेल्या मॅडम म्हणाल्या, मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास ६ वर्षांच्या आधी होतो, नव्या शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे. असेल बापा. माझा आता ८ चा आहे. म्हणजे तुम्ही बदली शिक्षक पाठवाल तो उरलेल्या १५ टक्क्यांसाठी, त्यातलं पण एक वर्ष तुमच्या शिक्क्यात गेलं.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे. तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया पाहिजे म्हणून जे लिहिलं आहे, त्या निम्म्यांतली मी. सह्या करायला. पण आता वाचायला पण लागली. आरटीईचं कलम २७ म्हणते शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्त काम द्यायचं नाही, सोडून दहा वर्षांची जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. तिसऱ्या शब्दातच खिडकी उघडी ठेवली ना. आमच्याकडे लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग महापालिका, मग यादी दुरुस्ती, आणि आता २०२७ ची जनगणना येऊन राहिली. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्येच सांगितलं होतं की मतदार यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी, शिकवणं नसेल तेव्हा करून घ्या. तेव्हा माझा पोरगा काय, माझं लग्न पण झालं नव्हतं. आमच्या बाई बुधवारी सकाळी अकराला यादी घेऊन माझ्याच दारात आल्या होत्या, घरात मतदार किती म्हणून. मी म्हटलं बाई, शाळेत पोट्टे किती ते आधी सांगा. त्या हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे असं त्याच कायद्यात आहे, माझ्या हिशोबानं लहान्याला यंदा निम्मे पण मिळाले नसतील, मी काही घड्याळ लावून बसली नव्हती, पण तुम्ही तरी मोजले का?

आणि त्या बाईंनाच आता म्हणे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायची आहे, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला सप्टेंबर २०२५ ला. दिवसा यादी, रात्री टीईटीचं पुस्तक. पोरांना कधी शिकवायचं ते कोणत्या पेपरात येते?

पट कमी म्हणून शिक्षक नाही म्हणता तर त्याचं पण ऐका. आमच्या गल्लीत बालाघाट, छिंदवाड्याकडून कामाला आलेली घरं आहेत, त्यांची पाच-सहा पोरं रोज शाळेत येतात, खिचडी खातात, मागच्या रांगेत बसतात, पण आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, म्हणून संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवतात त्यात, मोजली जात नाहीत. पोरगं समोर बसलं आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरात नाही. सर हजेरीत नाव घेतात तेव्हा ते हजर म्हणते, मग ते कोण म्हणते?

भाषेचं तर काय सांगू. एप्रिल २०२५ ला जीआर काढला पहिलीपासून हिंदी, जूनमध्ये बदलला, २९ जूनला मागे घेतला. मुंबई-पुण्यात त्यावर केवढं रान उठलं. इकडं नागपुरात पोट्टं गल्लीत पाय ठेवलं की हिंदीच बोलते साहेब, त्यासाठी जीआर लागत नाही, आम्हाला मराठी वाचून पाहिजे. तपासणीला आलेल्या कोणी लहान्याला पेरूचं चित्र दाखवलं, तो म्हणाला जाम. चूक धरलं. अहो आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात, बर्डीच्या बाजारात जाऊन पाहा ठेलेवाला काय ओरडते ते. त्या दिवसापासून तो चित्र दाखवलं की आधी माझ्या तोंडाकडे पाहते, कोणतं नाव सांगू म्हणून. जे येत होतं ते पण घाबरून गेलं.

गणवेश तर माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. २०२४ ला एक राज्य एक गणवेश केला. पंधरा ऑगस्ट गेला तरी आला नव्हता, आला तेव्हा लहान्याच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब, काजं एकीकडे आणि बटणं भलतीकडे. मी उसवून परत शिवला. गल्लीतले अकरा शर्ट शिवले, पैसे कोणाकडून मागणार. डिसेंबरमध्ये तुम्हीच तो निर्णय फिरवून गणवेशाचं काम शाळेच्या समितीकडे दिलं. अंड्याचं पण तसंच, नोव्हेंबर २०२३ ला आठवड्याला एक अंडं देऊ म्हणाले, जानेवारी २०२५ ला म्हणाले लोकसहभागातून पैसे गोळा करा. लोकसहभाग म्हणजे मीच ना? म्हणजे अंडं पण घरी, वाचन पण घरी, शर्ट पण घरी, मग शाळेत नेमकं काय असते?

आणि शिक्षक भरायला पैसे नाहीत म्हणता तेव्हा आम्ही नागपूरचे लोक गप्प बसतो, कारण बोगस शालार्थ आयडीवर, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या खोट्या नंबरावर, पगार उचलल्याचं प्रकरण आमच्याच विभागात निघालं. जे शिक्षक नाहीत त्यांचे पगार निघाले, आणि आमच्या शाळेत शिक्षक पाहिजे तर पद नाही. कोठारी आयोगानं १९६६ ला सांगितलं शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलं. १९६६ ला तर माझ्या आईचं नाव पण शाळेत घातलं नव्हतं. 'असर' नावाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीची फक्त २३.४ टक्के पोरं दुसरीचा उतारा वाचू शकली. नागपूर त्यात येत नाही, हे मला माहीत आहे, खेड्यांचा आकडा आहे. पण सरकारच्या निपुण भारत मोहिमेची मुदत २०२६-२७ आहे, तिसरीपर्यंत सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. माझा तिसरीत आत्ता आहे. तुमची मुदत संपेल तेव्हा तो चौथीत असेल.

मला शाळा सोडायची नाही. सगळे सांगतात, कॉन्व्हेंटमध्ये टाक, नाहीतर खाजगी शाळेत आरटीईच्या राखीव २५ टक्क्यांत नंबर लाव. २५ टक्क्यांचं पण तुम्ही फेब्रुवारी २०२४ ला एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगीला सूट करून टाकली होती, हायकोर्टानं जुलैत रद्द केलं म्हणून वाचलं. म्हणजे आमच्यासारख्यांनी सरकारी शाळेतच राहावं असं तुमचंच म्हणणं होतं. राहिलो ना. आता शिक्षक द्या.

मागणं लहान आहे. बीएलओ आणि जनगणनेचं काम शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी लावा, आणि शाळेच्या वेळात न्यायचंच असेल तर त्या दिवसापुरता वर्गात दुसरा माणूस उभा करा. आधारच्या घोळातली पोरं हजेरीवरून मोजा. बाकी बटणं माझ्याकडे आहेत.

अधिवेशनाला तुम्ही डिसेंबरमध्ये नागपूरला येताच. मोर्चा घेऊन टी-पॉइंटला उभं राहायला मला जमणार नाही, लग्नसराईचे ब्लाउज असतात. तुम्हीच या. विधानभवनापासून आमची शाळा गाडीनं अर्धा तास. सकाळी अकराला या, सूचना न देता, म्हणजे रांगोळी काढायला कोणी पोरांना बाहेर काढणार नाही.

आपली,
तिसरीतल्या एका पोराची आई, लीडर माता

ता. क. उत्तर पाठवलंच तर मोठ्या अक्षरात टाईप करून पाठवा, घ आणि ध वेगळे दिसले पाहिजेत. वाचायला त्यालाच देणार आहे.