विकायच्या घराला नवं स्वयंपाकघर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तूविषयक पुरवणीत ‘घर विकण्याआधी किचन नवं करून घ्या, किंमत चांगली येते’ असा सल्ला वाचला. शेजारीच अर्ध्या पानाची मॉड्युलर किचनची जाहिरात होती, तो योगायोग समजतो. माझा धंदा ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि स्वयंपाकघराच्या फर्निचरचा. सिंहगड रस्त्यावर छोटं वर्कशॉप आहे, माल भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून येतो. म्हणजे लोकांनी हा सल्ला ऐकला तर माझं भलंच आहे. तरी लिहितोय, कारण तो ऐकून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी परत पाठवतो.

ओट्याचं माप आम्ही कसं घेतो ते आधी सांगतो. घरात रोज पोळ्या कोण लाटतं ते विचारायचं, त्या व्यक्तीला भिंतीपाशी सरळ उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचा आणि कोपराच्या चार-सहा इंच खाली पेन्सिलीची खूण करायची. जुन्या इमारतींत बिल्डरने सगळ्यांना एकाच उंचीचे, ३०-३२ इंचांचे ओटे दिलेत. उंच माणसाची त्यावर पाठ धरते. म्हणून कुणी ३४ इंच मागतं, कुणी ३६. मग पुढचे प्रश्न. गॅसपाशी उभं राहिल्यावर तोंड पूर्वेला हवं का? मिक्सर ओट्यावरच राहणार की बाजूला? कणकेचा डबा पाच किलोचा की पंधरा? देव्हारा आत की हॉलमध्ये? हे विचारल्याशिवाय मी कागदावर रेघ मारत नाही. विकायच्या घरात हे विचारायचं कुणाला? तिथे राहणारं माणूसच अजून ठरलेलं नसतं. मग माप कुणाच्या कोपराचं घेऊ?

कोथरूडमधला एक फ्लॅट आठवतो. मालकांनी विकण्याआधी (माझ्याकडून नव्हे) सगळं नवं करून घेतलं होतं. मरून रंगाची चकचकीत शटर्स, कोपऱ्यात गोल फिरणारी ट्रॉली, ग्रॅनाइट कापून बसवलेला चार बर्नरचा हॉब. फ्लॅट घेतला तो पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या एका जोडप्याने. त्यांची पातेली त्या हॉबवर शेजारी-शेजारी बसेनात. त्यांनी मला बोलावलं ते हॉब काढायला. हॉब निघतो हो, पण दगडातलं भोक बुजत नाही. अख्खी ग्रॅनाइटची पाटी बदलावी लागली. जुन्या मालकांचा तो खर्च विक्रीच्या किमतीत निघाला की नाही, मला माहीत नाही. नव्यांना मात्र तेच काम दुसऱ्यांदा पैसे मोजून करावं लागलं.

दुसरी गोष्ट मालाची. स्वतः राहायचं असलं की गिऱ्हाईक पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागतं, बिजागऱ्या दहादा उघडून-मिटून बघतं. ‘विकायचंय’ म्हटलं की तेच गिऱ्हाईक म्हणतं, वरून छान दिसू दे, आतून काहीही घाला. ते ‘काहीही’ म्हणजे बहुतेक वेळा प्रीलॅम पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुसा दाबून केलेली आणि वरून गुळगुळीत थर चिकटवलेली फळी. कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला तो चालतो. सिंकखाली त्याला पाणी लागलं की कडा फुगतात, स्क्रू धरत नाहीत आणि दार लोंबायला लागतं. घर घेणारे आता इतके भोळे राहिलेले नाहीत. ते सिंकखालचं दार उघडतात, वाकतात आणि बोटाने कड दाबून बघतात.

त्याहून वाईट म्हणजे ओल झाकणं. सिंकमागची भिंत पाझरतेय, खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतायत, आणि मला सांगतात, तिथे एक उभं कपाट लावून टाका. अशा कामाला मी हात जोडतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. हे मला एका वकील गिऱ्हाइकाने दाखवलं होतं. पण कायदा नसता तरी मी ते कपाट लावलं नसतं.

आता पैशाचं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो तेव्हा चटई क्षेत्र, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, कागदपत्रं आणि परिसरातला भाव बघतो. ट्रॉल्या किती मऊ सरकतात ते तो बघत नाही. तुम्ही किचनचे म्हणून वर चार लाख मागितले आणि मूल्यांकनात ते बसले नाहीत, तर कर्ज तेवढं वाढत नाही. म्हणजे ते चार लाख घेणाऱ्याने खिशातून काढायचे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीच्या खर्चाने आधीच वाकलेला माणूस तिथेच घासाघीस सुरू करतो.

काही जण सांगतात, खर्च भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून झालेल्या ज्या नफ्यावर कर लागतो त्यातून, वजा होतो. घराच्या सुधारणेचा होतो, हे खरं. पण किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत, आणि सुट्ट्या ट्रॉल्या फर्निचर ठरतात की काय यावरही वाद होऊ शकतो. समजा सगळं मान्य झालं. २३ जुलै २०२४पासूनच्या साडेबारा टक्के दराने तीन लाखांच्या खर्चावर उपकर सोडून कर वाचतो साडेसदतीस हजार. उरलेले दोन लाख साडेबासष्ट हजार तुमचेच गेलेले असतात. आणि ‘बिल नको, जीएसटी वाचवू’ म्हणून रोखीने काम केलेलं असेल तर वजा करायला पुरावा कुठला?

पुण्यात आणखी एक भानगड आहे, रिडेव्हलपमेंट. सहकारनगर, कोथरूड, कर्वेनगर, कुठेही जा, जुन्या सोसायटीच्या सभेत हाच विषय. अशा इमारतीत फ्लॅट घेणारा नव्या इमारतीत किती चौरस फूट मिळणार याचा हिशेब करतो. तुमच्या ओट्यावरचा महागडा क्वार्ट्झ दगड त्याला मलब्यातच दिसतो. सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं आधी वाचा, मग सुताराला बोलवा.

मग काहीच करू नये का? करावं की. नळ ठिबकतोय तो बदला, सिंकचा वेस्ट पाइप नवा घाला. टाइल्सच्या काळ्या पडलेल्या फटी खरवडून पुन्हा भरा. ग्रॅनाइटला पॉलिश मारून घ्या, जुना दगडही उजळतो. लोंबणारी दारं घट्ट करा, चिमणीची जाळी धुवा, मिणमिणती ट्यूब काढून चांगला एलईडी लावा, भिंतीला पांढरा हात द्या. मायक्रोवेव्हसाठी जाड पिनेचा पॉइंट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि माळा रिकामा करा! लग्नातली पातेली, बरण्या, बंद पडलेला कुकर हे सगळं वर असताना स्वयंपाकघर निम्मं दिसतं. माझ्या अंदाजाने हे सगळं वीस-पंचवीस हजारांत बसतं आणि आठवड्यात उरकतं. नवं किचन करायचं तर तोडफोडीला सोसायटीला कळवणं आलं. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर गॅस कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. त्यात महिना कसा जातो कळत नाही, आणि तेवढे दिवस घर दाखवताही येत नाही.

ओटाच खचलाय, दगड तडकलाय, किंवा घर वर्षानुवर्षं बंद राहून वाळवी लागलीय, तर गोष्ट वेगळी. तिथे साधा ओटा, साधं सिंक आणि खाली मोकळी जागा एवढंच करून द्या. वाटलं तर नव्या किचनचं माझं कोटेशन घर बघायला येणाऱ्यांच्या हातात ठेवा, म्हणजे त्यांना खर्चाचा अंदाज येईल. सौदा झाला, त्यांच्या हातात किल्ली आली, की त्यांनी मला फोन करावा. पोळ्या कोण लाटणार ते तेवढं ठरवून ठेवावं, मी टेप घेऊन येतो.

– किचन फर्निचरचा एक कारागीर, सिंहगड रस्ता, पुणे